1943चा बंगाल: पाऊस निर्दोष ठरला, पुढे काय?

1943च्या पावसाळ्यात पूर्व भारतात सरासरीहून अधिक पाऊस झाला. त्याच महिन्यांत कलकत्त्याच्या पदपथांवर माणसे भुकेने मरत होती.

गांधीनगरच्या आयआयटीतील विमल मिश्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये ‘जिओफिजिकल रिसर्च लेटर्स’ या नियतकालिकात या विसंगतीची शास्त्रीय तपासणी मांडली. हवामानाच्या जुन्या नोंदी आणि संगणकीय प्रारूप यांच्या आधारे त्यांनी 1870 पासूनचा जमिनीतील ओलावा अजमावला. या काळातील सहा मोठ्या दुष्काळांपैकी पाचांच्या मुळाशी कोरडी जमीन आढळली. दख्खनला होरपळून काढणारी 1876-77ची वर्षे त्यांतच येतात. सहावा, 1943चा बंगालचा, मात्र त्यात बसेना. मराठीत न पडलेल्या पावसाला आणि न मिळालेल्या अन्नाला ‘दुष्काळ’ हा एकच शब्द आहे. बंगालमध्ये हे दोन अर्थ एकमेकांपासून सुटे झाले.

निसर्ग सुटला, तेव्हा चर्चिल दोषी, असा निष्कर्ष यावरून अनेकांनी काढला. निवाडा इतका सरळ नाही. 1943 मध्ये बंगालने खायचा तो तांदूळ मुख्यतः 1942च्या हिवाळ्यात कापलेल्या ‘अमन’ पिकाचा होता. ऑक्टोबर 1942 मध्ये मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर भीषण चक्रीवादळ आदळले. शिवाय त्या हंगामात भातावर तपकिरी ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग पसरला होता. वनस्पतिरोगतज्ज्ञ एस. वाय. पद्मनाभन यांनी 1973 मध्ये बांकुडा आणि चिंसुरा येथील भात संशोधन केंद्रांच्या नोंदी पुढे आणल्या. त्यांत अनेक वाणांचे उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली घसरलेले दिसते. ही बुरशी दमट हवेतच फोफावते, आणि जमिनीतील ओलावा मोजणाऱ्या प्रारूपाला ती दिसणे शक्य नाही. अर्थात दोन केंद्रांच्या शेतांवरून साऱ्या बंगालचे पीक ठरवणेही धाडसाचेच. अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार 1943 मधील धान्याची उपलब्धता 1941 पेक्षा सुमारे 13 टक्के जास्त होती, आणि 1941 मध्ये दुष्काळ नव्हता. हा वाद अजून मिटलेला नाही.

निर्णयांची मालिका मात्र कागदोपत्री स्पष्ट आहे. मार्च 1942 मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्य बंगालमध्ये उतरलेच, तर त्याच्या हाती काही लागू नये, म्हणून किनारी जिल्ह्यांतील ‘जादा’ तांदूळ हलवण्यात आला. दहांहून अधिक माणसे वाहू शकणाऱ्या हजारो नावा काढून घेण्यात आल्या किंवा मोडण्यात आल्या. लष्करी दृष्टीने हे तर्कशुद्ध होते. पण नदीनाल्यांच्या त्या प्रदेशात नाव हेच कोळ्याचे पोट आणि धान्याच्या व्यापाऱ्याचा रस्ता होता.

जानेवारी 1943 मध्ये चर्चिल यांनी हिंदी महासागरातील बरीच जहाजे अटलांटिककडे वळवली. 4 ऑगस्टला लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळापुढे भारताची 5 लाख टन धान्याची मागणी आली. तिच्या तुलनेत देऊ केलेली मदत तुटपुंजी होती. मोठ्या मदतीला विरोध करणाऱ्यांत चर्चिल यांचे वैज्ञानिक सल्लागार लॉर्ड चेरवेल होते. ते भौतिकशास्त्रज्ञ, जहाजांची टनांतली आकडेमोड हा त्यांच्या कचेरीचा रोजचा उद्योग.

बचावाची बाजू पोकळ नाही. जर्मन पाणबुड्यांनी असंख्य जहाजे बुडवली होती आणि सिसिलीची मोहीम त्याच वेळी सुरू होती. पण पिकाच्या वादाचा निकाल कोणताही लागो, ऑगस्टच्या या निर्णयाला त्याचा आधार मिळत नाही. पीक बुडाले असेल, तर धान्य हवेच होते. पीक पुरेसे असून साठेबाजीने भाव चढले असतील, तरी बाहेरून येणाऱ्या धान्याच्या नुसत्या खात्रीनेही साठे बाजारात येऊ शकले असते. भारतातील अधिकारी लंडनला हेच पटवू पाहत होते. वुडहेड चौकशी आयोगाने 1945 मध्ये प्रांतिक आणि भारत सरकारवर ठपका ठेवला, लंडनच्या दारात तो फारसा गेला नाही. मधुश्री मुखर्जी यांच्या 2010च्या पुस्तकाने चर्चेचा सारा झोत चर्चिल यांच्यावर आणला. मग प्रांतिक सरकारचा ढिसाळपणा आणि शेजारी प्रांतांनी धान्य अडवून धरणे या गोष्टी बाजूला पडू लागल्या. त्याही तितक्याच खऱ्या आहेत.

ऑक्टोबर 1943 मध्ये व्हाइसरॉय झालेले वेव्हेल काही दिवसांतच कलकत्त्याला गेले आणि त्यांनी मदतवाटप लष्कराकडे सोपवले. एप्रिल 1944 मध्ये खुद्द चर्चिल यांनी ऑस्ट्रेलियाचा गहू भारतात नेण्यासाठी रूझवेल्ट यांच्याकडे जहाजे मागितली. ती मिळाली नाहीत. चर्चिल यांचे समर्थक या पत्राचा मजकूर दाखवतात, टीकाकार त्यावरची तारीख.

दरम्यान डिसेंबर 1943चे अमन पीक भरघोस आले होते. तरीही मलेरिया, पटकी आणि देवीने खंगलेली माणसे 1944 मध्येही मरतच राहिली. आयोगाने बळींचा आकडा 15 लाख धरला. पुढच्या संशोधकांनी तो 21 ते 30 लाखांपर्यंत नेला.