काळ्या डोंगरांवर दोन दिवस

शेगडीत आपण वर्षानुवर्षे जो कोळसा घातला तो लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा. दगडी कोळसा निराळा. तो आगगाडीचा, गिरणीचा, वीजघराचा. घरात त्याचे काम नाही, म्हणून बायकांचा त्याच्याशी संबंध नाही, असे आपण सहज धरून चालतो. हा समज किती अपुरा आहे ते मला वेल्समधील ब्लेनॅव्हन या गावी दोन दिवस पायी हिंडल्यावर उमगले. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी प्रवासवर्णन मागितले होते. पण हे वर्णन मधूनमधून इतिहासाकडे वळणार, त्याला माझा इलाज नाही.

माझी कन्या कार्डिफला असते. तिथून मोटारीने तासाभराच्या वाटेवर हे गाव. नावाचा अर्थ नदीचा उगम. १७८९ च्या सुमारास तिघा भागीदारांनी येथे लोखंडाच्या भट्ट्या उभारल्या, कारण लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी ही तिन्ही जवळपासच्या डोंगरांतच मिळत. २००० साली हा सारा परिसर जागतिक वारसा ठरला. जुन्या भट्ट्यांचे दगडी बुरूज अजून उभे आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी कामगारांची लहान घरे आहेत. २००७ साली दूरदर्शनच्या एका कार्यक्रमासाठी तीन कुटुंबे या घरांत १९२७ सालासारखी राहिली होती. मी त्यांतल्या एका खोलीत उभी राहिले. चुलीपुढे पत्र्याचे टब. त्या टबाकडे पुन्हा यावयाचे आहे.

शनिवारी दुपारी आम्ही चढण चढून 'बिग पिट' नावाच्या खाणीवर गेलो. ही १९८० च्या फेब्रुवारीत बंद पडली आणि १९८३ पासून लोकांना पाहावयास खुली झाली. उंच लोखंडी मनोरा, त्यावर मोठाली चाके, आणि त्यांच्या दोरावर खाली जाणारा पिंजऱ्यासारखा पाळणा. घड्याळ, फोन, बॅटरीची प्रत्येक वस्तू वरच काढून घेतात, कारण एका ठिणगीने खाणीतला वायू पेट घेऊ शकतो. डोक्यावर दिव्याची टोपी, कमरेला जड पट्टा. नव्वद मीटर खाली गेलो. आमचा वाटाड्या जुना खाणकामगार होता. एका वळणावर त्याने सर्वांना दिवे मालवावयास सांगितले. असा काळोख मी जन्मात पाहिला नव्हता. डोळ्यासमोर धरलेला हात दिसेना.

त्या काळोखात, एका लाकडी दारापाशी, पूर्वी मुले बसत. खाणीतली हवा खेळती राहावी म्हणून अशी दारे बंद ठेवावी लागतात. गाडी आली की दोरी ओढून दार उघडावयाचे, गेली की लावावयाचे. सहासात वर्षांची मुले, त्यांत मुलीही. मोठ्या झाल्या की त्याच मुली गाड्या ओढत. १८४० साली सरकारने चौकशी नेमली आणि १८४२ साली तिचा अहवाल निघाला. त्यातली चित्रे पाहून इंग्लंडातली भली माणसे हादरली. पण त्यांना कष्टांपेक्षा अधिक लाज वाटली ती बायका विजारी घालतात आणि उघड्या पुरुषांशेजारी राबतात याची. त्याच वर्षी कायदा झाला: स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांनी भूगर्भात जाऊ नये. सुटका झाली खरी. परंतु ज्या विधवेच्या घरात तेवढीच मजुरी येत होती तिने काय खावे, हे कायद्यात नव्हते. दक्षिण वेल्समध्ये नंतरही काही वर्षे बायका लपूनछपून खाली उतरत राहिल्या. ज्या उतरल्या नाहीत त्या खाणीच्या तोंडाशी दगड वेचीत बसल्या.

वर येताना मला आपल्याकडची हकीकत आठवली. हिंदुस्थानात स्त्रियांना भूगर्भात उतरण्याची बंदी १९२९ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९३७ साली पुरी झाली. युद्धकाळात कोळसा कमी पडू लागला तसा १९४३ साली सरकारने ती उठवली. तेव्हाचा मध्यप्रांत म्हणजे आपला चांदा-नागपूरकडचा मुलूखही त्यात होता. त्या वेळी मजूर खात्याचे मंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विधिमंडळात टीका झाली तेव्हा त्यांनी निर्णयाची बाजू मांडली, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल ही अट त्यांनी आवर्जून पुढे ठेवली. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी परत आली. पुढे २०१९ साली सरकारने नियम बदलला, आणि बाईची लेखी संमती असेल तर देखरेखीच्या व तांत्रिक कामासाठी तिला दिवसा खाली जाता येऊ लागले. म्हणजे दर वेळी दार उघडले किंवा लावले ते दुसऱ्याच कोणी.

आता तो टब. खाणीतून बाहेर आलेला माणूस नखशिखांत काळा असे आणि तसाच घरी येई. घरात नवरा आणि दोन मुलगे निरनिराळ्या पाळ्यांना असले, की बाईची चूल दिवसभर पाणी तापवीत राही. आधणाची भांडी उचलायची, टब भरायचा, पाठ चोळायची, काळे पाणी बाहेर ओतायचे, कपडे झटकून वाळवायचे, की पुढच्या पाळीचा माणूस दारात. उकळत्या पाण्याने लहान मुले भाजत. जड भांडी उचलून बायकांचे गर्भ पडत. हे सारे १९१९ साली र्‍होंडा खोऱ्यातल्या एलिझाबेथ अँड्र्यूज यांनी, आणखी दोघी खाणकामगारांच्या बायकांसह, लंडनला सरकारी आयोगापुढे उभे राहून सांगितले. मागणी एकच: खाणीवर न्हाणीघरे बांधा. कामगारांची मागणी म्हणून ती इतिहासात नोंदली जाते, पण मला ती बायकांचीच वाटते. बिग पिटवर न्हाणीघर झाले १९३९ साली. ते अजून जसेच्या तसे आहे: पांढऱ्या फरशा, फवाऱ्यांच्या रांगा, स्वच्छ कपड्यांची कपाटे एका बाजूस, मळक्यांची दुसऱ्या. इतर मंडळी घाईने पुढे सरली. मी तिथेच सर्वांत अधिक वेळ रेंगाळले, आणि कन्या म्हणाली, "आई, तू न्हाणीघर पाहायला सातासमुद्रापलीकडे आलीस का?"

रविवारी डोंगर चढलो. हिरव्या चढाच्या मधोमध काळेकरडे ढीग दिसतात. ते खाणीतून निघालेल्या दगडमातीचे. काहींवर आता गवत आणि जांभळे हेदर उगवले आहे, मेंढ्या चरतात. पण हे ढीग पाहताना अॅबरफॅन आठवल्याशिवाय राहत नाही. पश्चिमेकडे काही खोरी ओलांडली की ते गाव. तिथे झऱ्यावर रचलेला असाच ढीग २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी शाळेवर घसरला. १४४ जीव गेले, त्यांत ११६ मुले. उरलेले ढीग हलवा म्हणून आईबापांना सरकारशी झगडावे लागले. आणि लोकांनी पाठविलेल्या मदतनिधीतूनच त्या कामासाठी दीड लाख पौंड कापून घेतले गेले. ते परत मिळाले १९९७ साली.

पुढे घोड्यांच्या गाड्यांची जुनी वाट लागते. दोन किलोमीटरहून लांब बोगदा खोदून डोंगरापलीकडे लोखंड नेत असत, त्याच वाटेवर पूल्दू म्हणून वस्ती होती. तीही खाणकामगारांचीच. १९६० नंतर सरकारने घरे राहण्यास अयोग्य ठरवली आणि पाडून टाकली. एक खाणावळ-गुत्ता आणि एक सभागृह एवढेच राहिले. गवतात चालताना पायाला मधूनच सरळ कड लागते. ती कुणाच्या तरी भिंतीची. एका ठिकाणी तीनचार दगडी पायऱ्या आहेत, त्या कुठेच जात नाहीत. तिथे बसून आम्ही डब्यातली थालीपिठे खाल्ली. वारा जोराचा होता, म्हणून चहा थर्मासाच्या झाकणातून आळीपाळीने प्यालो, आणि पाऊस दिसू लागताच खाली उतरलो.