किंडर स्काउटची वाट

मँचेस्टर आणि शेफील्ड या इंग्लंडमधील दोन औद्योगिक शहरांच्या दरम्यान किंडर स्काउट नावाचा डोंगर आहे. त्याची उंची अवघी ६३६ मीटर. माथ्यावर सुळका नाही. आहे ते काळ्या, ओलसर मातीचे विस्तीर्ण पठार. शतकानुशतके कुजत गेलेल्या वनस्पतींच्या या थराला पीट म्हणतात. पर्वतारोहणाच्या इतिहासात अशा डोंगराची नोंद होण्याचे कारण नाही. परंतु सामान्य इंग्रज माणसाने आपल्याच देशाच्या भूमीवर चालण्याचा हक्क कसा मिळविला, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने याच डोंगराची वाट धरली पाहिजे.

ती वाट पश्चिम पायथ्याच्या हेफील्ड गावातून निघते. गावापासून थोड्याच अंतरावर बोडेन ब्रिज येथे एक जुनी दगडखाण असून तेथे स्मृतिफलक बसविलेला आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, या खाणीत सुमारे चारशे तरुण जमले होते. त्यांपैकी पुष्कळजण गिरण्या-कारखान्यांतील कामगार होते, आणि मंदीच्या त्या काळात काहींना कामही नव्हते. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा केवळ वीस वर्षांचा होता. डोंगरावर चालत जावयाचे, एवढाच त्यांचा बेत होता. आणि तेवढ्यालाच बंदी होती.

या बंदीचे मूळ जुने होते. गायरानासारखी सामायिक वापराची जमीन अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील कायद्यांनी कुंपणात घालून खाजगी मालकीची करण्यात आली. पुढे या पठारांवर ग्राऊस नावाच्या तित्तिरासारख्या पक्ष्याची शिकार हा श्रीमंतांचा शौक बनला, आणि पक्षी बुजू नयेत म्हणून माणसांना मज्जाव झाला. डोंगरांवर लोकांना मोकळीक देणारे विधेयक जेम्स ब्राइस यांनी १८८४ साली स्कॉटलंडपुरते मांडले. ते संमत झाले नाही. १८९७ साली हेफील्डहून निघणारी एक पायवाट खुली झाली खरी, पण वाट सोडून पठारावर पाऊल टाकण्याची सोय तिने केली नाही.

खाणीतून निघालेला जमाव विल्यम क्लफ या घळीतून वर चढू लागला, तेव्हा मालकांच्या रखवालदारांशी त्याची झटापट झाली आणि एक रखवालदार जखमी झाला. माथ्याकडील अॅशप हेड येथे पलीकडच्या ईडेल गावाहून आलेली शेफील्डची तुकडी त्यांना भेटली. छोटीशी सभा झाली आणि सर्वजण परतले. पठाराचा सर्वोच्च बिंदू त्या दिवशी कोणीही गाठला नाही.

एकूण सहाजणांना अटक झाली व पाचांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. येथे एक बाब ध्यानी घेण्याजोगी आहे. परक्याच्या जमिनीत नुसता प्रवेश करणे हा त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे फौजदारी गुन्हाच नव्हता; तो दिवाणी दाव्याचा विषय होता. म्हणून आरोप ठेवण्यात आले ते दंगेखोर जमावाचे व मारहाणीचे. पदयात्रींच्या प्रस्थापित संस्थांनाही ही चढाई पसंत नव्हती; सनदशीर प्रयत्नांना तिने खीळ बसेल, असे त्यांस वाटत होते. परंतु शिक्षा कठोर ठरल्यामुळे आरोपींविषयी सहानुभूती वाढली, आणि जो प्रश्न मूठभरांचा होता तो सर्वांचा झाला.

महायुद्धानंतर १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. २४ एप्रिल १९६५ रोजी ईडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी पेनाइन वे ही पायवाट खुली झाली. १९८२ साली किंडर नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आला. २००० सालच्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील नोंदलेल्या मोकळ्या डोंगराळ भूमीवर वाट सोडूनही पायी फिरण्याचा हक्क दिला. २००२ साली बोडेन ब्रिज येथे डेव्हनशरच्या अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या काळातील वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली.

आज या डोंगरावर कोणीही चढावे. कडेवरील किंडर डाउनफॉल या धबधब्यापाशी पश्चिमेचा वारा जोराचा असला, म्हणजे पाणी खाली पडण्याऐवजी उलट वर उडताना दिसते. तेथून दक्षिणेस ईडेलच्या खोऱ्यात उतरावे, आणि समोरच्या ५१७ मीटर उंचीच्या मॅम टॉरवर जावे. त्याच्या माथ्यावर प्राचीन तटबंदी आहे. पूर्वेची बाजू मात्र सतत ढासळत असते, आणि तिच्याखालून जाणारा हमरस्ता १९७९ साली कायमचा बंद करावा लागला. पायथ्याशी कॅसलटन गाव, पेव्हरिलचा किल्ला व ब्लू जॉन या जांभळट-पिवळ्या खनिजाच्या खाणी आहेत.

हक्क मिळाला, त्याबरोबर जबाबदारीही आली. कारखान्यांचा धूर, वणवे, मेंढ्यांची अति चराई आणि पदयात्रींची वर्दळ यांनी पीटचा थर उघडा पडून वाहून जाऊ लागला. म्हणून तेथे आता ओहळांना बांध घालून स्फॅग्नम शेवाळ लावण्यात येते. पेनाइन वेच्या दलदलीच्या भागांत फरशा अंथरलेल्या आहेत. त्यांपैकी पुष्कळ पाडलेल्या गिरण्यांतून आणलेल्या आहेत. ज्या गिरण्यांतून आठवड्यातला एक दिवस सुटका व्हावी म्हणून माणसे या डोंगराकडे धावत, त्यांचीच जमीन आज त्या डोंगराचे रक्षण करीत आहे.