धुतलेल्या हातांची मोजदाद

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. रुग्णालय एक, शहर एक, येणाऱ्या स्त्रियाही सारख्याच गरीब. परंतु १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा ११ हून अधिक माता सूतिकाज्वराने दगावल्या, तर दुसऱ्यात शेकडा ३ हूनही कमी. हा भेद गावातील स्त्रियांना पुरता ठाऊक होता. आपल्याला पहिल्या विभागात पाठवू नये म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करीत.

या विभागातील तरुण साहाय्यक इग्नाझ सेमेलवाइस याला या भेदाने अस्वस्थ केले. मार्च १८४७ मध्ये त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन वारले. त्यांच्या शरीरात आढळलेल्या खुणा सूतिकाज्वराने मेलेल्या स्त्रियांच्या शरीरातील खुणांशी जुळत होत्या. पहिल्या विभागातील विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. मृतांचा विषारी अंश जिवंतांकडे नेणारे वाहन म्हणजे वैद्यांचे हात, हे त्याने ओळखले. मे महिन्याच्या मध्यापासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची त्याने सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ वर गेलेले मृत्यूचे प्रमाण जूनपासून शेकडा २ च्या आसपास उतरले.

तथापि, नियम घालून देणे आणि तो रोज पाळला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्याच वर्षी पुढे मृत्यू पुन्हा वाढले, तेव्हा हयगय करणाऱ्या विद्यार्थ्यांवर त्याला कडक देखरेख ठेवावी लागली. या देखरेखीत एक उणीव होती. तो मृत्यू मोजत होता. धुतलेले आणि न धुतलेले हात कोणी मोजले नव्हते. त्यामुळे चूक उमगे ती माता दगावल्यानंतर. शिवाय आपल्याच हातून रुग्ण मेले, हे कोणाही सज्जन वैद्याच्या सहजी पचनी पडणारे नव्हते. सेमेलवाइसने पुढे उघड पत्रे लिहून विरोधकांना खुनी ठरवले. त्याने शत्रू वाढले, धुतलेले हात वाढले नाहीत. १८४९ साली त्याची व्हिएन्नातील नेमणूक संपली होती. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला.

पाश्चर आणि कॉख यांच्या संशोधनाने जंतूंमुळे रोग होतात हे सिद्ध झाल्यावर वाद मिटला. सवय मात्र लागली नाही. डिसेंबर १९९४ मध्ये जिनीव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहणी केली. हात स्वच्छ करण्याची आवश्यकता असलेले प्रसंग किती आणि त्यांपैकी किती प्रसंगी ते खरोखर स्वच्छ केले गेले, याची नोंद झाली. प्रमाण शेकडा ४८ भरले. जेथे रुग्ण अत्यवस्थ, त्या अतिदक्षता विभागात ते सर्वांत कमी होते. कामाचा ताण जितका अधिक, तितके हात कमी धुतले जात.

या मोजणीने दोष कोठे आहे ते दाखवले. अतिदक्षता विभागात तासाभरात सुमारे २० वेळा हात स्वच्छ करण्याची वेळ येते. साबणपाण्याने नीट हात धुण्यास जवळजवळ एक मिनिट लागते. म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा नळापाशीच जावयाचा. हे केवळ आळसाचे लक्षण नव्हते. ते अशक्य गणित होते. म्हणून मद्यार्कयुक्त द्रावणाच्या बाटल्या थेट रुग्णाच्या खाटेशी ठेवल्या गेल्या, भिंतींवर सचित्र फलक लागले आणि पाहणीचे निकाल कर्मचाऱ्यांना कळवले गेले. १९९७ अखेर प्रमाण शेकडा ६६ झाले. रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण शेकडा १६.९ वरून ९.९ वर आले. सुधारणा झाली ती प्रामुख्याने परिचारिकांत. डॉक्टरांचे आचरण फारसे बदलले नाही, हे व्हिएन्नाची आठवण करून देणारे होते.

२००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. हात स्वच्छ करावयाचे पाच प्रसंग त्यांत सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक क्रियेपूर्वी, शरीरद्रवाशी संबंध आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यावर. प्रशिक्षित निरीक्षकाने हे प्रसंग डोळ्यांनी पाहून नोंदवणे, ही मोजणीची प्रमाण पद्धत ठरली.

परंतु पाहणाऱ्याच्या केवळ उपस्थितीनेही आचरण बदलते. टोरांटोतील एका रुग्णालयात द्रावणाच्या बाटल्यांना बसवलेल्या यंत्रांनी वापराची आपोआप नोंद केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, निरीक्षक नजरेच्या टप्प्यात असताना द्रावणाचा वापर सुमारे तिप्पट होत असल्याचे आढळले. याचा अर्थ निरीक्षण व्यर्थ, असा नव्हे. केवळ त्याच्या आकड्यांवर समाधान मानू नये, एवढाच त्याचा बोध आहे. कोणाला दोषी ठरवावे यापेक्षा, हात का धुतला गेला नाही, हे शोधण्यासाठी मोजणी असावी. मध्यरात्री, निरीक्षक घरी गेल्यानंतर, खाटेवरचा रुग्ण ज्या हातांच्या स्वाधीन असतो, त्यांच्या सवयीवरच त्याचे प्राण अवलंबून असतात.