मराठीचं आजोळ



आमच्या गल्लीतल्या एका आजींनी मध्यंतरी नातवाशी बोलणंच कमी केलं. नातू इंग्रजी शाळेत जातो. "त्याच्याशी शुद्ध बोलत जा, ते गावठी बोलणं नको," असं घरात कुणीतरी म्हणालं, आणि आजी गप्प झाल्या. त्यांच्या त्या गप्प होण्यावरून आजचा विषय सुचला. आपण बोलतो ते शब्द मुळात आले कुठून?

शाळेत आपण शिकलो की मराठी ही संस्कृतातून, प्राकृतातून आली. ते खरंच आहे. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मुळातून निघालेल्या भाषा असाव्यात. आपली माता, फारसीतली मादर, इंग्रजीतली मदर हे त्याच कुळातले शब्द. पण कन्नड, तेलुगू, तमिळ यांचं कूळ वेगळं. ते १८१६ साली फ्रान्सिस एलिस यांनी दाखवलं आणि १८५६ साली रॉबर्ट कॉल्डवेल यांनी मोठा ग्रंथ लिहून पक्कं केलं. त्याला द्रविड कूळ म्हणतात. मराठी या दोन कुळांच्या शिवेवर वाढली.

आता स्वयंपाकघरात चला. संस्कृतात घृत, हिंदीत घी, आणि आपल्याकडे तूप. कन्नडमध्ये त्याला तुप्प म्हणतात. प्राकृतातही तुप्प हा शब्द आहे, म्हणजे ही देवघेव फार जुनी. पानाच्या डब्यातला अडकित्ता घ्या. मराठीत या शब्दाची फोड होत नाही. कन्नडमध्ये होते: अडके म्हणजे सुपारी आणि कत्तरी म्हणजे कात्री. गंमत अशी की ही कत्तरी मुळात संस्कृतातली कर्तरी. म्हणजे एक शब्द दक्षिणेला गेला आणि तिकडून सुपारी घेऊन आपल्याकडे आला.

नाती पाहा. थोरल्या बहिणीला अक्का, थोरल्या भावाला अण्णा असं कन्नड आणि तेलुगूतही म्हणतात. ताई म्हणजे आपली मोठी बहीण. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. मात्र नुसता आवाज जुळला म्हणून शब्द एका घरचा ठरत नाही. लेकराच्या तोंडी पहिल्यांदा येणारे अम्मा-अप्पासारखे शब्द जगात कुठेही सापडतात. म्हणून अभ्यासक शब्दाची फोड कोणत्या भाषेत होते, जुन्या लिखाणात तो कोणत्या रूपात आहे, हे तपासून मग बोलतात.

आणि शब्दांपेक्षाही पक्का पुरावा बोलण्याच्या वळणात असतो. शेजारीण म्हणाली, "आम्ही जत्रेला चाललो," तर आपण घरीच. ती म्हणाली, "आपण जत्रेला जाऊ," तर पिशवी भरायला घ्यायची. हा फरक हिंदीतल्या हम मध्ये नाही, इंग्रजीतल्या वी मध्ये नाही. तेलुगूत आहे: ऐकणारी धरून मनमु, तिला सोडून मेमु. आपण हा शब्द संस्कृतातल्या आत्मन् पासून आलेला, पण त्याचं हे वळण द्रविड भाषांच्या शेजारातलं, असं बरेच अभ्यासक मानतात.

दुसरं उदाहरण म्हणून या शब्दाचं. "उद्या येते म्हणून सांगितलं." इथे म्हणून कुणी काही म्हणत नाही, तो जोडायला आला आहे. तेलुगूत अनि आणि कन्नडमध्ये एंदु हे शब्दही म्हणणे या अर्थाच्या क्रियापदापासूनच झाले आणि हेच काम करतात. हिंदीत मात्र कि आधी येतो आणि बोललेलं मागून येतं. अशी वळणं पाहूनच फ्रँकलिन साउथवर्थ या अमेरिकन अभ्यासकांनी १९७१ साली मांडलं की मराठीच्या जन्मातच द्रविड बोलणाऱ्यांचा मोठा वाटा असावा. सगळ्यांना ते पटलं नाही, पण दोन कुळांचा घरोबा कुणी नाकारत नाही.

मग शुद्ध काय राहिलं? ऋग्वेदात नांगराला लांगल आणि उखळाला उलूखल म्हटलं आहे. हे दोन्ही शब्द तिथे बाहेरून, इथल्या आधीच्या लोकांच्या भाषांतून आले असावेत असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. शेत नांगरणाऱ्यांचा आणि धान्य कांडणाऱ्यांचा शब्द वेदानेही घेतला. आपल्या व्याकरणात मात्र तत्सम, तद्भव आणि देशी अशी वर्गवारी झाली, आणि देशी शब्द शेवटच्या पंगतीला बसला. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी देशीनाममाला रचून असे शब्द जपून ठेवले, हे आपण विसरलो.

आपणही दिलं आहे बरं का. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या राज्यात तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी नांदल्या. आपला नको दखनी उर्दूत नक्को होऊन आजही हैदराबादेत ऐकू येतो. गोदाकाठच्या आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी तर साताठशे वर्षांपूर्वी दळणकांडणाच्या घरगुती बोलीत अभंग रचले. त्यांना कुणी गावठी म्हणत नाही.

संस्कृत हे मराठीचं वडिलांकडचं घर मानलं, तर दक्षिणेच्या भाषा हे तिचं आजोळ. तूप आणि अक्का हे शब्द लेकरू पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकतं, हे तुम्हांला सांगायला नको. आजी गप्प बसल्या तर ते पुस्तकातून शिकता येणार नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, शेतातले, चुलीजवळचे, नात्यातले दहा शब्द विचारा, वहीत लिहा, आणि नातवंडांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. आमच्या गल्लीतल्या आजींना मी हे सांगून आले आहे. नमस्कार.