पैठणचा बाजार आणि जगाचा बाजार



जागतिकीकरण हा शब्द नवा असला, तरी तो व्यवहार आपल्या गोदातीरास नवा नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ग्रंथांत पैठण व तेर या नगरांचा उल्लेख आहे. पैठणचे सुलेमानी दगड आणि तेरचें सुती कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरास जात असे. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर. त्याच शतकांत रोमन लेखक प्लिनी याची तक्रार अशी कीं, हिंदुस्थान दरसाल साम्राज्याच्या पांच कोटी सेस्टर्स नाण्यांचें धन ओढून नेतो! एकाचा लाभ तें दुसऱ्याचें गाऱ्हाणें, ही रीत इतकी जुनी आहे.

दुसरा दाखला आपल्याच कापसाचा. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, विलायतेच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत सट्ट्याला ऊत आला. १८६५ सालीं युद्ध संपलें. भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या. भाव चढला तो परक्यांच्या भांडणानें, आणि पडला तोहि त्यांच्याच समेटानें. आपल्या शेतकऱ्याच्या हातीं त्यांतील कांहींच नव्हतें.

आतां आमच्या शहराकडे वळूं. वाळूजला १९८५ सालीं बजाजचा कारखाना आला. १९९१ सालीं देशानें व्यापाराचीं दारें उघडलीं. २००१ सालीं झेक देशाच्या स्कोडा कंपनीच्या मोटारी येथें जोडल्या जाऊं लागल्या. माझा एक विद्यार्थी, हिमरू विणणाराचा मुलगा, अशाच एका कारखान्यांत लागला. त्याचे वडील मला म्हणाले, “मास्तर, पोराच्या पगारानें घर उभें राहिलें; पण माझ्या मागावर आतां कोळी जाळें विणतो.” या एका वाक्यांत लाभ आणि हानि दोन्ही आलीं.

मग दारें लावून घ्यावींत काय? तसें केलें तर त्या घराचा पगारहि जाईल. परंतु ज्या गांवाचें पोट एकाच मालावर आणि दूरच्या एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असतें, तें गिऱ्हाइकाच्या लहरीवर जगतें. म्हणून दार उघडें असावें, आणि घरांतला मागहि चालता असावा. त्या मुलानें यंत्र शिकावें, हें योग्यच. पण वडिलांची विद्या पोट भरूं शकेल, अशी तजवीज करणें हें राज्यकर्त्यांचें आणि हिमरू विकत घेणाऱ्या आपलेंहि काम आहे.