माळ्यावरची ओल आणि १८६५चं कौल

आजचा एपिसोड माझ्या घरच्या माळ्यावरून सुरू होतोय.

मागच्या जुलैत राजापूरजवळच्या आमच्या घरी होतो. तीन दिवस नुसता धो धो पाऊस. चौथ्या दिवशी माळ्यावर चढलो, तर आजोबांची ट्रंक खालून ओली, आतले जमिनीचे कागद एकमेकांना चिकटलेले. छप्पर गळत असणार म्हणून वर टॉर्च मारला. फुटलेलं कौल कुठेच दिसेना. एका कोपऱ्यातल्या उघड्या कौलाच्या पोटावर मात्र इंग्रजीत छाप होता: बासेल मिशन, १८६५.

मी खूश! म्हटलं, घर दीडशे वर्षांचं. पण ते साल कारखान्याचं. मंगळूरच्या जेप्पूमध्ये गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने तो सुरू केला. माती नेत्रावतीच्या काठची, आणि एकमेकांत अडकणाऱ्या कौलाची कल्पना फ्रान्सची. अल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडे तोवर कुंभाराची नळीची कौलं. माकडं नाचली की सरकायची, दरवर्षी मे महिन्यात शाकारणी ठरलेली. मंगलोरी कौल खाचेत बसतं, वजनाला हलकं, जहाजातून किनाऱ्याने मुंबईपर्यंत आलं.

आता मुद्दा. हे कौल थोडं पाणी पितंच, भाजलेली मातीच ती. पण फटींतून खालून वारा लागतो, म्हणून ते वाळतं. शिवाय चुलीचा धूर माळ्यावर जायचा, वासे काळे आणि कोरडे राहायचे. कौल, वारा, चूल अशी ती अख्खी सिस्टिम होती!

आम्ही काय केलं? गॅस आला, चूल गेली. पाच वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराच्या सल्ल्याने कौलांखाली प्लास्टिक ताणलं. म्हणजे लॅपटॉपच्या पंख्यावर उशी! घरातली दमट हवा वर जाते, गार प्लास्टिकला लागते आणि थेंब होऊन खाली पडते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं. आजी तेव्हाच म्हणाली होती, "कौलाला वारा लागू दे रे." ऐकतो कोण! सल्ला मीही उचलून धरला होता.

दिवाळीत प्लास्टिक काढलं, तेव्हा वरच्या बाजूने कुजलेल्या चार रिपा सापडल्या. त्या बदलल्या, आढ्याखाली हवेला वाट ठेवली. कागद पंख्याखाली एकेक करून सुटे केले. दोन सातबारे मात्र फाटलेच. त्यांच्या नव्या नकला निघतील, पण समासातलं आजोबांचं पेन्सिलीचं अक्षर गेलं.