पॅकअपनंतरची गाडी

मंडळी, आज लांब लिहितोय. विरार, नालासोपारा, नायगाव, मिरा रोडकडच्या लोकांनी तर नक्की वाचा. आपल्या बिल्डिंगमध्ये एक तरी माणूस असा असतो ज्याची बाइक रात्री दोन-अडीचला पार्किंगला लागते आणि सकाळी सातला जागेवर नसते. वॉचमन त्याला ओळखतो, शेजारी ओळखत नाहीत. तो शूटिंगवाला असतो. पडद्यावर दिसणारा नाही, पडद्यामागचा.

मी त्यांच्यातलाच. 2000 सालापासून साउंडमध्ये आहे, पहिली दहा वर्षं बूम धरला. माझे वडील लाइटमन होते, गोरेगाव पश्चिमेच्या एका स्टुडिओत. गंमत म्हणजे वडिलांना शेवटपर्यंत सायकलसुद्धा चालवता आली नाही, आणि त्यांचं कधी अडलं नाही. मला मात्र बाइकशिवाय एक दिवस काम मिळणार नाही. एका पिढीत हे कसं बदललं? मला वाटतं आपल्या सिनेमाच्या इतिहासातली ही न लिहिलेली गोष्ट आहे.

जुन्या स्टुडिओंची नावं आठवा आणि मनातल्या मनात रेल्वेचा नकाशा उघडा. रणजित, 1929, दादर. बॉम्बे टॉकीज, 1934, मालाड. शांतारामबापूंचं राजकमल, 1942, परळ. बॉम्बे टॉकीजमधून फुटून निघालेल्यांचं फिल्मिस्तान, 1943, गोरेगाव. आर. के., 1948, चेंबूर. मेहबूब, 1954, वांद्रे. एकेक नाव म्हणजे एकेक स्टेशन. उतरा, चाला, नाहीतर बस पकडा, गेटवर पोचा. गिरणीला कामगार जवळ लागायचा तसाच स्टुडिओलाही लागायचा, म्हणून आजूबाजूच्या चाळींत सुतार, रंगारी, शिंपी, लाइटवाले राहायचे.

दुसरी गोष्ट पगाराची. बॉम्बे टॉकीज असो की आपली प्रभात, माणसं महिन्याच्या पगारावर होती. प्रभात 1929 ला कोल्हापुरात निघाली, 1933 ला पुण्याला गेली, तेव्हा कंपनीबरोबर तिची माणसंही गेली. कामाची जागा एकच, रोज तीच. मालक कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अशा माणसाला स्वतःची गाडी कशाला लागेल?

मग दुसरं महायुद्ध झालं. युद्धकाळात काळा पैसा सिनेमात शिरला, एका-एका पिक्चरपुरते निर्माते आले, नट जास्त पैसे देईल त्याच्याकडे जाऊ लागले. पगारी स्टुडिओ कोलमडले. 1950 च्या दशकात बॉम्बे टॉकीज बंद पडली. प्रभातही बंद पडली आणि त्याच जागेत 1960 मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट उघडली. उरलेले स्टुडिओ भाड्याचे फ्लोअर झाले. निर्माता फ्लोअर भाड्याने घेणार आणि माणसं रोजावर. माझे वडील त्याच काळातले. रोजावर होते, पण स्टुडिओ अजून स्टेशनजवळ होता. त्यामुळे पगार गेला तरी रोजचा रस्ता तोच राहिला.

तो रस्ता बदलला 1977 ला. त्या वर्षी राज्य सरकारने गोरेगाव पूर्वेला, आरेच्या डोंगरात फिल्मसिटी उभी केली. आताचं नाव दादासाहेब फाळके चित्रनगरी. सुमारे 520 एकर, तलाव, टेकड्या, जंगल. सिनेमासाठी झकास जागा, त्यात वाद नाही. पण स्टेशनपासून लांब. दिवसा बस आहे, रिक्षा आहे. रात्री पॅकअप झालं की अंधार, आणि आरेत बिबट्या फिरतो ही काय दंतकथा नाही. लोकलचं म्हणाल तर रात्री एकच्या सुमाराला शेवटची आणि पहाटे चारच्या सुमाराला पहिली. मधल्या तीन तासांत ज्याचा पॅकअप झाला तो अडकला. वडील सांगायचे, नाइट असली की लोक सेटवरच्या पलंगावर, दरीवर, जनरेटर व्हॅनच्या आडोशाला पडून राहायचे. राजाच्या महालात झोपायचे आणि पहाटे पहिल्या लोकलने घरी.

तेव्हा गाडी घ्यायची म्हटली तरी मिळायची कुठे? बजाज चेतक 1972 ला आली, पण नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. मुलगी जन्मली की तिच्या लग्नासाठी स्कूटर बुक करा, असा विनोद लोक करायचे. हे बदललं 1984-85 ला. एका वर्षाच्या आत कायनेटिक होंडा आणि हिरो होंडा सीडी 100 बाजारात आल्या. कायनेटिकला बटन स्टार्ट, आणि सीडी 100 तर पेट्रोल पितच नाही म्हणायचे. 1994 ला स्प्लेंडर आली. हप्त्यावर मिळू लागली. सेटच्या बाहेर गाड्यांची रांग लागायला इथून सुरुवात झाली.

चारचाकीत मान होता मारुती व्हॅनला, म्हणजे आपल्या ओम्नीला. 1984 ला आलेली ही डबडी साउंडवाल्यांची आणि आर्टवाल्यांची लाडकी. मागची सीट काढली की मशीन, केबल, स्टँड, सगळं बसायचं. माझ्या पहिल्या उस्तादांची पांढरी ओम्नी होती. तिच्यातच आम्ही जेवलो, झोपलो, पावसात रेकॉर्डिंगसुद्धा केलं. 2019 ला सुरक्षेचे नवे नियम आले आणि कंपनीने ओम्नी बंद केली. ज्या गाडीत अपघातात पुढच्या माणसाचे पाय वाचवायला काहीच नव्हतं, तिच्यात आम्ही वीस-वीस वर्षं रात्री काढल्या. हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग आल्या रोजच्या मालिका. 2000 नंतर हिंदी-मराठी वाहिन्यांना रोज रात्री नवा एपिसोड लागायला लागला. पिक्चरचं शूटिंग संपतं, मालिकेचं संपत नाही. बारा तासांची शिफ्ट हा नियम झाला. फिल्मसिटी पुरेना, भाडं परवडेना, म्हणून सेट पसरले. मढचे बंगले, घोडबंदर रोड, मिरा रोड, आपलं नायगाव. मढला जाणाऱ्या मंडळींना ठाऊक आहे, वर्सोव्याहून बाइक बोटीत घालायची, पलीकडे उतरवायची. बोट चुकली तर मालाड-मार्वेवरून मोठा वळसा. मोठ्या नटांना पिकअप-ड्रॉपची गाडी असते. लाइटदादा, स्पॉटदादा, सेटिंगवाले, असिस्टंट यांच्या हातात कन्व्हेयन्सचे ठरलेले पैसे. सेट गोरेगावात असो की नायगावात, आकडा बहुतेक वेळा तोच.

आता हिशोब करा. नालासोपाऱ्याहून हायवेने फिल्मसिटी चाळीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन ऐंशी. महिन्याला पंचवीस-सव्वीस दिवस काम लागलं तर दोन हजार किलोमीटर. पेट्रोलच पाच हजारांच्या आसपास. वर टायर, ऑइल, हप्ता, विमा. प्रॉडक्शनच्या बजेटमध्ये कॅमेऱ्याचं भाडं असतं, लाइटचं असतं, जनरेटरचं डिझेल असतं. ज्या गाडीशिवाय सकाळी सातचा कॉल लागणारच नाही, ती गाडी कुठल्याच कागदावर नसते.

बायकांचं वेगळंच. पूर्वी मेकअपच्या संघटनेत बाईला कार्डच मिळायचं नाही. हेअर करा म्हणायचे, मेकअप पुरुषांचा. 10 नोव्हेंबर 2014 ला सुप्रीम कोर्टाने ही बंदी बेकायदेशीर ठरवली. त्यानंतर आमच्या सेटवर मेकअपची पेटी ॲक्टिवाच्या पायाजवळ ठेवून येणाऱ्या ताई दिसायला लागल्या. कोर्टाने दार उघडलं हे खरंच, पण रात्री बाराला त्या दारातून घरी जायला स्वतःचीच ॲक्टिवा.

या गाड्यांची खरी किंमत सगळ्यांना कळली 2020 ला. मार्चमध्ये लोकल बंद. जूनच्या शेवटी शूटिंग सुरू झालं, पण लोकल फक्त अत्यावश्यक सेवेला. आम्ही अत्यावश्यक नव्हतो. सर्वसामान्यांना लोकल उघडली 1 फेब्रुवारी 2021 ला, तीही ठराविक वेळेत. मधले सात महिने घराघरांत नवे एपिसोड दिसत होते ते कशाच्या जोरावर? विरार-वसईहून वर्सोवा पुलावरून भर पावसात येणाऱ्या बाइकच्या जोरावर. ज्याच्याकडे बाइक नव्हती त्याचं काम गेलं, इतकं सरळ होतं. माझ्या ओळखीच्या दोघांनी बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकून सेकंडहँड स्प्लेंडर घेतली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

तीन वर्षांपूर्वी आमचा एक लाइटदादा नाइट संपवून सकाळी घरी निघाला. नाव लिहीत नाही, घरच्यांना त्रास नको. लोकांना वाटतं रात्रीचा रस्ता धोक्याचा. आम्हाला विचारा, नाइटनंतरची सकाळ जास्त धोक्याची. बारा-तेरा तास उभं राहून आलेलं शरीर, डोळ्यांवर ऊन, आणि उजेड आहे म्हणून आपण जागे आहोत असा भ्रम. हायवेवर उभ्या कंटेनरला मागून धडकला. वाचला, पण पाय कायमचा गेला. सेटवरच्या पोरांनी वर्गणी काढली, हिरोनेही पैसे दिले. निर्मितीवाल्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: पॅकअप झालं होतं, अपघात सेटवर झालेला नाही.

तेव्हा आम्ही सगळे गप्प बसलो. मीही. कायदाच तसा असेल असं वाटलं.

तर तसं नाहीये. 29 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला. प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलंच, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. साखर कारखान्याचा रात्रपाळीचा वॉचमन. पहाटे तीनची ड्यूटी. 22 एप्रिल 2003 ला मोटरसायकलवरून कामाला निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. कामगार भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला सव्वातीन लाखांच्या आसपास भरपाई आणि व्याज दिलं. हायकोर्टाने ते रद्द केलं, कारण अपघात कामावर नाही, वाटेत झाला. सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा दिलं. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर तो 1923 च्या भरपाई कायद्यातही नोकरीतलाच धरायचा. कामावर जाताना आणि परत येतानाही. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही वाटेतला अपघात धरलेला आहे.

पहाटे तीनची ड्यूटी आणि मोटरसायकल. वाचताना मला आमचीच पोरं दिसत होती.

पण फरक आहे. त्या वॉचमनचा मालक ठरलेला होता, वेळ ठरलेली होती. आमच्या लाइटदादाचा मालक कोण? लाइट पुरवणारा, कॉन्ट्रॅक्टर, निर्मिती संस्था की वाहिनी? वडिलांच्या आधीच्या पिढीत या प्रश्नाला एका शब्दात उत्तर होतं. आज चौघे चार दिशांना बोट दाखवतात. त्या निकालाचा फायदा घ्यायचा तर आधी कागद पाहिजे, आणि आपल्याकडे कागद नसतो.

म्हणून शूटिंगवाल्या भावांना आणि ताईंना चार गोष्टी सांगतो.

कॉल टाइमचा व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका. पॅकअपची वेळ रोज ग्रुपवर टाकून ठेवा, अगदी "पॅकअप 2.10" एवढीच. मजुरी बँकेत घ्या, पाकिटात नको. आणि ज्यांच्या पांढऱ्या नंबरप्लेटच्या इको-अर्टिगा प्रॉडक्शनला भाड्याने लागतात त्यांनी आपली पॉलिसी काढून वाचा. खासगी गाडी भाड्याने लावली तर खासगी पॉलिसी ते धरत नाही. चार पैसे मिळतात म्हणून लावाल आणि एका अपघातात गाडी आणि घर दोन्ही जाईल.

संघटनांच्या नेत्यांना एकच मागणी. पुढच्या करारात कन्व्हेयन्सचा आकडा अंतरावर बांधा, आणि नाइटनंतर घरी सोडायला गाडी फक्त नटांना नको, सगळ्यांना. एका सेटला एक मिनीबस, विरारपर्यंत. जनरेटरच्या एका रात्रीच्या डिझेलपुढे तो खर्च काहीच नाही.

गोरेगावचा फिल्मिस्तान 2025 ला विकला गेला. आर. के. त्याच्याआधीच गेला. स्टेशनजवळचे स्टुडिओ संपत चाललेत आणि तिथे टॉवर होतायत, ज्यांत आमच्यातलं कुणी राहायला जाणार नाही. आम्ही अजून लांब जाणार, अजून पहाटे निघणार.

लाइटदादाची बाइक अजून त्याच्या बिल्डिंगखाली आहे, कव्हर घालून. विकत नाही म्हणतो. परवा त्याच्याकडे जाऊन निकालाची बातमी वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्या रात्रीचा कॉलचा मेसेज आहे का रे तुझ्याकडे?"

शोधतोय. त्या शेड्यूलवर असलेल्या कुणाकडे असेल तर मला पाठवा.